सोलापुरात जेआर-वन म्हणून रुजू होताय? आधी फोन करायला शिका

एमबीबीएस झालं, इंटर्नशिपचे बारा महिने संपले, नीट-पीजीचं समुपदेशन पार पडलं आणि यादीत तुमच्या नावापुढे सोलापूर आलं. म्हणजे आता तुम्ही जेआर-वन, पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट. यातले निम्मे जण आधी हवामान बघतात आणि घाबरतात. एप्रिल-मेचं ऊन चाळिशी ओलांडतं, हे खरं आहे. पण घाबरायचंच असेल तर ओपीडीच्या रांगेला घाबरा. १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सर्वोपचार रुग्णालय, ज्याला अख्खं गाव नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतं, तिथं सोलापूर जिल्ह्याबरोबर धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडून विजयपूर, कलबुर्गीचेही पेशंट येतात. कुंभारीला खासगी महाविद्यालय आहे, तिकडेही हीच माणसं येतात.

मी स्वतः रेसिडेन्सीची तीन वर्षं दुसऱ्या एका शहरात काढली आणि आता सोलापुरात प्रॅक्टिस करतो. ओळखीतली पोरं दरवर्षी रुजू व्हायच्या आधी येऊन तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. इंटर्न असताना वरचा माणूस तुमच्यावर आपणहून लक्ष ठेवतो. जेआर-वन झालात की वरचा माणूस असतोच, पण त्याला बोलवावं लागतं. हे बोलावणं कुणी शिकवत नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांतल्या बऱ्याचशा चुका तिथूनच होतात.

रुजू होण्याआधी

कागद आधी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी हातात हवी. इंटर्नशिपपुरती मिळालेली तात्पुरती नोंदणी आता चालत नाही. परराज्यातून येणाऱ्यांनी इथली नोंदणी कशी करायची ते प्रवेशाच्या आठवड्यातच विचारून घ्यावं. सगळ्या कागदांच्या पाच-सहा झेरॉक्स प्रती काढून ठेवा, दर टेबलावर एक लागते.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण झालेत का ते बघा आणि अँटिबॉडी टायटर तपासून घ्या. हे काम ‘नंतर करू’ म्हणून राहतं आणि सुई टोचल्यावर आठवतं. एप्रन तीन तरी हवेत. एक खिशात मावणारी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिणारे मी पाहिलेत, रात्री दोन वाजता चार्जिंग संपलेले पण तेच.

पहिल्या दिवशी: कोण कोणाच्या वर

युनिटची उतरंड साधी असते. सगळ्यात वर युनिटप्रमुख, मग असोसिएट प्रोफेसर, मग असिस्टंट प्रोफेसर (जुनी माणसं अजून ‘लेक्चरर’च म्हणतात), मग सीनियर रेसिडेंट, मग जेआर-थ्री, जेआर-टू आणि तुम्ही. तुमच्या खाली इंटर्न. कागदावर हे सगळ्यांना कळतं. तुम्हाला कळायला हवं ते वेगळं आहे: आज रात्री तुमच्या वर नेमकं कोण? तो ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अडकला तर त्याच्या जागी कोण? दोघांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर, पेनानं लिहा. शेजारी ब्लड बँक, लॅब, कॅज्युअल्टीतला सीएमओ (तिथला ड्युटीवरचा मेडिकल ऑफिसर) आणि आयसीयूचा नंबर.

याच दिवशी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांशी जाऊन नीट ओळख करून घ्या. तुम्ही तीन वर्षांत निघून जाल. त्या तुमच्या आधी वीस वर्षं तिथे आहेत. क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली) कुठे, ॲड्रेनलिन कुठल्या खणात, कुठला सक्शन चालतो आणि कुठला नुसता आवाज करतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही नावानं ओळखा. रात्री स्ट्रेचर त्यांच्यामुळेच हलतं.

फोन कधी करायचा

इथे थोडं रेंगाळतो, कारण खरी अडचण इथेच आहे.

फोन करायला ज्ञान कमी पडत नाही, लाज आड येते. ‘एवढंही कळत नाही का’ असं ऐकावं लागेल ही भीती असते. बऱ्याचदा तसं ऐकावं लागतंही. माझ्याच पहिल्या वर्षातली गोष्ट. गावाचं आणि रुग्णालयाचं नाव सांगत नाही. रात्री एकच्या सुमाराला एका पेशंटसाठी सरांना फोन केला आणि क्षुल्लक कारणासाठी उठवलं म्हणून भरपूर बोलणी खाल्ली. तासाभरात एक आजी आल्या. ‘छातीत जळजळतंय, मळमळतंय’ एवढंच म्हणत होत्या. ईसीजी काढला. खालच्या लीड्समध्ये एसटी किंचित वर वाटत होता, पण खात्री नव्हती. आधीची बोलणी कानात होती. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि सकाळच्या राउंडची वाट बघत बसलो. सकाळी सहाला दुसरा ईसीजी काढला तेव्हा हार्ट अटॅकबद्दल शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. आजी वाचल्या, पण हृदयाचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. सरांनी आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, “दोन वाजता शंका आली होती ना? मग ती शंका सांगायला फोन करायचा होता. निदान सांगायला कशाला करतोस?”

तेव्हापासून मी हाच नियम पाळतो आणि सांगतो. निदान पक्कं झाल्यावर फोन करायचा नसतो. शंका आल्यावर करायचा असतो.

तरी सुरुवातीला नुसत्या शंकेवर विसंबू नका, आकडे ठरवून घ्या. मोठ्या माणसात वरचं बीपी ९०च्या खाली, नाडी १३०च्या वर किंवा ४०च्या खाली, श्वास मिनिटाला ३०च्या वर, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन ९०च्या खाली, चार तास लघवी नाही, शुगर ६०च्या खाली, नवा झटका, काल बोलणारा पेशंट आज गुंगीत. यातलं एक जरी दिसलं तर पाच मिनिटांत उपचार सुरू करा आणि फोन लावा. तुमच्या युनिटचे आकडे थोडे वेगळे असतील, ते पहिल्याच आठवड्यात विचारून वहीत लिहा.

आकड्यात न बसणारी दोन कारणं मी यात धरतो. अनुभवी सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, हा पेशंट मला बरा वाटत नाही,” तर फोन करा. आणि नातेवाईक म्हणाले, “हे असे कधी करत नाहीत,” तरीही करा. पेशंटला दुसरीकडे हलवण्याआधी, नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणाले तर त्यांची सही घेण्याआधी, आणि मृत्यू झाल्यावर तर वरिष्ठांना कळवायलाच हवं.

फोनवर काय बोलायचं

समोरचा माणूस झोपेतून उठलाय. तुमचं कॉलेजातलं केस प्रेझेंटेशन त्याला नको असतं. काय हवंय ते पहिल्याच वाक्यात सांगा, बाकीचं मागाहून.

“सर, तुम्ही यावं असं वाटतंय. फीमेल मेडिसिन वॉर्डातून जेआर-वन बोलतेय. बेड सात, साठ वर्षांच्या बाई, निमोनियासाठी काल भरती. गेल्या तासाभरात श्वास ३४, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८८, बीपी ८४/५०. सेप्टिक शॉक वाटतोय. दोन लाइन टाकल्यात, फ्लुइड सुरू आहे, कल्चर घेऊन अँटिबायोटिक दिलंय. आयसीयूत बेडसाठी बोलू का?”

अर्ध्या मिनिटात संपतं. बोलण्याआधी केसपेपर, औषधांचा चार्ट आणि ताजे व्हायटल्स हातात घ्या. ‘थांबा सर, बघून सांगते’ असं तीनदा झालं की समोरच्याचा पारा चढतो, आणि खरं सांगायचं तर तो चुकत नाही.

सरांनी सांगितलेला डोस तुम्ही मोठ्यानं परत म्हणून दाखवा. फोन ठेवल्यावर केसपेपरवर वेळ, कोणाशी बोललात आणि काय सांगितलं ते लिहा. त्यानं तुमचं रक्षण होतं, पण मुख्य फायदा पुढच्या शिफ्टच्या माणसाला होतो.

फोन उचलला नाही तर? पुन्हा लावा. नाहीच उचलला तर दहा मिनिटांच्या आत वरच्या पायरीला लावा आणि तसं लिहून ठेवा. पायरी ओलांडली म्हणून कुणी रागावलं तर एक दिवस रागावेल. ‘सरांना व्हॉट्सॲप केला होता, दोन निळ्या खुणा आल्या होत्या’ हे उत्तर मात्र कुठल्याही चौकशीत चालत नाही.

हाताची कामं

लंबार पंक्चर, छातीतली नळी, सेंट्रल लाइन, इन्ट्युबेशन. आपल्याकडे रीत अशी की एकदा बघितलं, एकदा केलं, तिसऱ्यांदा दुसऱ्याला शिकवलं. ही रीत मला पटत नाही. बघायचं तीन-चार वेळा, मग वरिष्ठ शेजारी उभे असताना करायचं, आणि ते ‘आता तुझं तू कर’ म्हणतील तेव्हा एकट्यानं. प्रत्येक टप्प्याची नोंद लॉगबुकमध्ये त्याच दिवशी करा आणि सही घ्या. परीक्षेच्या आदल्या महिन्यात शंभर सह्या मागत फिरणारा जेआर-थ्री दर विभागात असतो; तुम्ही तो होऊ नका.

पेशंटच्या उशाशी उभं राहून ‘पहिल्यांदाच करतोय’ असं पुटपुटू नका, पण विचारलं तर खोटंही सांगू नका. ‘मी करतोय, मॅडम शेजारी आहेत’ हे पुरेसं असतं.

ड्युटी सोपवताना

बेडनुसार सगळ्या वॉर्डाची हकिगत सांगू नका. तीनच गोष्टी सांगा: कोण बिघडू शकतो, कुणाचा रिपोर्ट यायचाय आणि आल्यावर काय करायचं, कुणाच्या नातेवाइकांशी काय बोलणं झालंय. शक्यतो बेडशेजारी उभं राहून सांगा. जिन्यात चालता चालता सोपवलेला वॉर्ड जिन्यातच राहतो.

कागद

प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, सही आणि सहीखाली वाचता येईल असं नाव. विषबाधा, भाजणं, अपघात, मारहाण म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल केस. पोलिसांना कळवल्याची नोंद झाली का ते स्वतः बघा, ‘कॅज्युअल्टीनं केलं असेल’ म्हणू नका. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, म्हणजे फॉर्म ४ मध्ये, ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ हे कारण म्हणून लिहू नका. हृदय सगळ्यांचंच थांबतं. ते कशानं थांबलं ते लिहायचं असतं. पहिले दोन-तीन दाखले लेक्चररना दाखवूनच सही करा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी नातेवाइकांना भरतीच्या दिवशीच रेशन कार्ड आणि आधार आणायला सांगा, आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडे, पाठवा. २०१२ मध्ये ही योजना जुन्या नावानं राज्यातल्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. त्यामुळे इथल्या लोकांना योजना माहीत असते, कार्ड मात्र गावाकडे पेटीत असतं.

इथली भाषा

मराठी येतं म्हणून निर्धास्त राहू नका. ‘पोटात दुखालंय’, ‘चक्कर येलालीय’ हे दोन दिवसांत कानाला सवयीचं होतं. ‘अंगावरून जातंय’ म्हणणाऱ्या बाईला रक्त म्हणायचंय की पांढरं, ते विचारावंच लागतं. ‘कसंतरी होतंय’ म्हणणाऱ्या मधुमेही माणसाचा ईसीजी काढावा, हे मी वरच्या आजींकडून शिकलो.

पण शहराच्या पूर्वभागातून येणारी विणकर कुटुंबं घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्यांत कानडी बरीच, शिवाय दखनी उर्दू. कानडीत ‘एल्ली नोवु?’ म्हणजे कुठे दुखतंय, ‘एष्टु दिनदिंद?’ म्हणजे किती दिवसांपासून. तेलुगूत तेच ‘एक्कड नोप्पी?’ आणि ‘एन्नि रोजुल नुंची?’. पोट कानडीत ‘होट्टे’, तेलुगूत ‘कडुपु’. एवढी चार वाक्यं बोललात की आजीबाई हसतात आणि मग सगळं सांगतात. तुम्हाला सगळं कळत नाही, हा भाग वेगळा. तेव्हा सिस्टर किंवा मावशींना दुभाषी करा. नवऱ्याला करू नका, विशेषतः पाळी, गर्भ किंवा मारहाणीचा प्रश्न असेल तेव्हा. लहान मुलालाही नको.

पहिल्या महिन्यात वरिष्ठांकडून हे मागून शिका

पुस्तकात सगळं असतं. तरी पुढच्या गोष्टी कुणीतरी शेजारी उभं राहून एकदा दाखवायला हव्यात.

साप चावलेला पेशंट. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची तपासणी वॉर्डातच होते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली शिरेतलं रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग एकदा आडवी करून बघायची. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, आणि साबणानं धुतलेली काचेचीही नाही. दोन्हींत निकाल फसवा येतो. प्रतिविष लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच द्यायचं, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. रिॲक्शन येईल हे धरून ॲड्रेनलिन भरून शेजारी ठेवायचं.

कीटकनाशक प्यायलेला पेशंट. शेतीचा जिल्हा आहे, हे पेशंट येतातच. ॲट्रोपिन किती, याचं उत्तर छातीत मिळतं. फुप्फुसातली खरखर थांबून छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबणारे असतात, त्यांचं ऐकू नका. पेशंटचे कपडे काढून अंग धुणं हाही उपचारच आहे, आणि तुम्ही हातमोजे घाला.

उन्हाळ्यात उष्माघात: रिपोर्टची वाट न बघता आधी अंग थंड करा, पाणी मारा, पंखा लावा, मग बाकीचं. विंचू चावला तर प्रॅझोसिन आठवा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात बसून केलेल्या कामामुळे ते औषध सगळीकडे पोचलं. खोकल्याच्या पेशंटला ‘काय काम करता’ हे विचाराच. यंत्रमागावरचा कापसाचा धूळकण आणि विडीच्या तंबाखूची पूड केसपेपरवर आपोआप उमटत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याही आजाराची नाही: पोटॅशियम क्लोराइड सिरिंजनं थेट शिरेत कधीही द्यायचं नाही. इंटर्नला सांगताना ‘केसीएल दे’ एवढंच तोंडी सांगू नका, किती पाण्यातून किती तासांत ते लिहून द्या.

गाइडबरोबर

गाइड म्हणजे फक्त थिसिसवर सही करणारा माणूस नव्हे. पहिल्या महिन्यातच भेटून महिन्याला पंधरा मिनिटांची वेळ ठरवून घ्या. तिथे थिसिसशिवाय एकच प्रश्न विचारा: “सर, या महिन्यात माझं काय चुकतंय असं वाटतं?” ‘ठीक चाललंय’ असं उत्तर आलं तर एखादा ठरावीक पेशंट समोर ठेवून विचारा, म्हणजे खरं उत्तर येतं.

थिसिसचा विषय निवडताना वॉर्डात कोणते पेशंट रोज येतात ते बघा. दुर्मीळ आजारावर सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) सुंदर होतो, पेशंट मात्र वर्षात चार मिळतात. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही पेशंटची माहिती गोळा करू नका. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी येते, तो काळ आधीच हिशोबात धरा.

झोप, सुट्टी आणि भांडणं

केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी आदेशात आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त ड्युटी नको असं लिहिलंय. वाचून हसू आलं असेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाचे तास ‘वाजवी’ एवढंच आहे, पण आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी रजा स्पष्ट लिहिलीय. रजा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. तारखा युनिटमधल्या जोडीदारांबरोबर आधी ठरवा, म्हणजे ऐनवेळी भांडण नको. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि आषाढीच्या दिवसांत कुणाला सुट्टी मिळणार नाही, हे मात्र गृहीत धरा.

न झोपता काम करण्याचा अभिमान बाळगणारे वरिष्ठ भेटतील. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची गोष्ट इथे सांगितली जाते. ते युद्ध होतं, आणि ते वयाच्या ३२व्या वर्षी गेले. ड्युटीत आलटूनपालटून दोन तास पडायची सोय जेआर-टूशी बोलून ठरवा, आणि झोपायला जाताना फोन कोणाकडे हेही.

छळ होत असेल, मग तो रॅगिंगच्या नावानं असो वा ‘शिकवण्याच्या’, तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीशी किंवा वॉर्डनशी बोला. अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मन खचत असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही. तिथे फोन करणारे डॉक्टर कमी नाहीत आणि कमकुवतही नाहीत.

नातेवाईक आवाज चढवायला लागले तर एकट्यानं वाद घालू नका, दाराकडे पाठ करून उभे राहू नका, वरिष्ठ आणि सुरक्षारक्षक दोघांना बोलवा. डॉक्टरांवर हल्ला हा महाराष्ट्रात २०१०च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरी गंभीर पेशंटची बातमी वरिष्ठांनी, बसून, वेळेत दिली तर बहुतेक प्रकार तिथवर जातच नाहीत.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, आणि ड्युटी संपायची वाट बघू नका. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. हा फोनही वरिष्ठांना रात्रीच करायचा.

आणि ड्युटी संपल्यावर दुपारी खोलीवर जाताना गाडी स्टँडलाच राहू द्या, रिक्षा करा.